दर महिन्याचा टीव्ही रिचार्ज कमी करायचा तर: एनसीएफ, फ्री डिश आणि मोजके पे चॅनेल

डीटीएचचा रिचार्ज किंवा केबलचं बिल जड व्हायला लागलं की बहुतेक घरांत पहिला शोध सुरू होतो तो त्याच कंपनीच्या स्वस्त पॅकचा. त्याने पन्नास-साठ रुपये वाचतात, पण मूळ खर्च तसाच राहतो. आधी बिल उघडा आणि त्यातले दोन आकडे वेगळे काढा. एक एनसीएफ, म्हणजे नेटवर्क कपॅसिटी फी. दुसरा पे चॅनेलचा.

एनसीएफ हा नुसती जोडणी चालू ठेवायचा आकार. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, याच्या 2020 च्या नियमानुसार 200 चॅनेलपर्यंत तो जास्तीत जास्त 130 रुपये घेता येत असे. जुलै 2024 मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादा काढून टाकली, त्यामुळे आता हा आकडा कंपनी ठरवते आणि तुमच्या बिलावर असेल तोच खरा. 130 धरला तरी 18 टक्के जीएसटी मिळवून महिन्याला 153 रुपये 40 पैसे होतात आणि वर्षाला 1,840 रुपये 80 पैसे. एवढ्या पैशात एकही पे चॅनेल येत नाही, येतात ते फक्त मोफत चॅनेल. म्हणजे मोफत चॅनेलसाठीच आपण वर्षाला जवळपास दोन हजार रुपये मोजतो. प्रसार भारतीच्या डीडी फ्री डिश या मोफत डीटीएच सेवेची डिश, बॉक्स आणि वायर साधारण तेवढ्याच पैशात एकदाच बसते, आणि पुढे महिन्याला काहीच द्यावं लागत नाही.

पण फ्री डिश प्रत्येक घरासाठी पुरेशी नाही, हे आधीच सांगायला हवं. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी हे पे चॅनेल आहेत, ते तिथे मिळत नाहीत. म्हणून काही विकत घेण्याआधी पंधरा दिवस एक काम करा. टीव्हीशेजारी कागद चिकटवा आणि घरातल्या प्रत्येकाने जे चॅनेल अर्ध्या तासाहून जास्त पाहिलं त्याचं नाव तिथे लिहायचं. नुसता चाळा म्हणून बदललेले चॅनेल लिहायचे नाहीत. दोनशे चॅनेलच्या घरातही कागदावर सहसा आठ-दहाच नावं येतात. प्रत्येक नावासमोर लिहा: हे फ्री डिशवर आहे का, फुकट ॲपवर किंवा यूट्यूबवर आहे का, की फक्त पैसे भरूनच मिळतं? तिसऱ्या रकान्यात उरतील तेवढ्याच नावांसाठी पैसे मोजायचे आहेत.

मराठी बातम्यांची मोठी चॅनेलं यूट्यूबवर चोवीस तास थेट आणि मोफत दिसतात, तेव्हा घरात इंटरनेट असेल तर बातम्यांसाठी पॅक ठेवायचं कारण नाही.

क्रिकेटचं प्रकरण वेगळं आहे आणि ते अनेकांना माहीत नसतं. 2007 च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी कंपनीला प्रसार भारतीबरोबर वाटून घ्यावं लागतं. भारताच्या पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-20 सामने या यादीत येतात. ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हे वाटून घेतलेलं प्रक्षेपण दूरदर्शनला फक्त स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवता येईल. म्हणूनच खासगी डीटीएचवर डीडी स्पोर्ट्स लावलं की ऐन सामन्याच्या वेळी दुसराच कार्यक्रम चालू असतो आणि शेजारच्या फ्री डिशवर सामना दिसत असतो. आयपीएल या यादीत नाही. घरात फ्री डिश असेल आणि फक्त भारताच्या पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-20 सामने बघत असतील, तर स्पोर्ट्स पॅक काढायला हरकत नाही.

पे चॅनेल ठेवायचेच असतील तर

कागदावर दोन-तीन मालिकांचे चॅनेल उरले तर कंपनीने बनवलेला पॅक काढून चॅनेल सुटे निवडा. प्रत्येक पे चॅनेलची सुटी किंमत जाहीर केलेली असते आणि कंपनीच्या ॲपमध्ये पॅक बदलताना ती दिसते. 19 रुपयांपेक्षा जास्त किंमत असलेलं चॅनेल कुठल्याही बुकेत, म्हणजे एकत्र विकल्या जाणाऱ्या चॅनेलच्या गठ्ठ्यात, टाकता येत नाही, त्यामुळे बुकेतल्या चॅनेलची सुटी किंमत 19 किंवा त्याहून कमीच असते. हिशोब सोपा आहे: समजा 19 रुपयांचे तीन चॅनेल घेतले तर 57, त्यात 130 एनसीएफ मिळवून 187, आणि जीएसटीसह 220 रुपये 66 पैसे. एकाच समूहाचे तीन-चार चॅनेल बघत असाल तर त्या समूहाचा बुके स्वस्त पडू शकतो, एखाद-दुसऱ्यासाठी मात्र सुटेच घ्या.

चॅनेल निवडताना हमखास होणारी चूक म्हणजे एकच चॅनेल एसडी आणि एचडी असं दोनदा घेतलं जाणं. तयार पॅकमध्ये हे दोन्ही अनेकदा एकत्र असतात. बिलाची यादी ओळीने वाचा. 32 इंच किंवा त्याहून लहान टीव्ही लांबून बघायचा असेल तर एसडी पुरतं.

घरात दोन टीव्ही असतील तर दुसऱ्याचा एनसीएफ वेगळा लागतो, तोही तपासा. मुख्य टीव्हीला मोजके पे चॅनेल आणि आतल्या खोलीतल्या टीव्हीला फ्री डिश, ही जोडी बऱ्याच घरांना सगळ्यात सोयीची पडते.

फ्री डिश: काय विकत घ्यायचं

आधी टीव्हीची मागची बाजू बघा. नेहमीच्या अँटेनाच्या जागेशिवाय आटे असलेली आणखी एक जागा असेल आणि तिथे एलएनबी इन किंवा सॅटेलाइट असं लिहिलेलं असेल, तर टीव्हीतच डीव्हीबी-एस2, म्हणजे उपग्रहाचा सिग्नल घेणारा, ट्यूनर आहे. मग बॉक्सची गरजच नाही. तसं नसेल तर बॉक्स घ्यावा लागेल, पण घेताना तो एमपीईजी-4 (चित्र पाठवायची नवी पद्धत) आणि डीव्हीबी-एस2 आहे याची खात्री करा. दुकानात जुने एमपीईजी-2 बॉक्स शे-दोनशे रुपये कमी किमतीला मिळतात. फ्री डिशवरचे बरेच चॅनेल एमपीईजी-4 मध्ये आहेत आणि ते जुन्या बॉक्सवर दिसतच नाहीत. नव्या बॉक्सवर मात्र दोन्ही प्रकार चालतात.

बाकी सामान: 60 ते 65 सेंटिमीटरची डिश, 9750/10600 ची युनिव्हर्सल एलएनबी (डिशसमोर बसणारा, लहरी पकडणारा भाग), गच्चीपासून टीव्हीपर्यंत लागेल तेवढी आरजी-6 वायर, दोन एफ कनेक्टर आणि पाणी आत न जाऊ देणारी रबरी टेप. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर 75 किंवा 90 सेंटिमीटरची डिश घ्या. या लहरींची ताकद मुसळधार पावसात घटते आणि लहान डिशवर चित्र आधी जातं. दोन टीव्हींना द्यायचं असेल तर दोन तोंडांची एलएनबी घ्या आणि प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र वायर टाका. एका वायरला साधा टी-जोड लावला तर दोन बॉक्स एकमेकांची वीज अडवतात आणि अर्धे चॅनेल जातात.

जुनी डीटीएचची डिश गच्चीवर असेल तर नवी घेऊ नका. फ्री डिश 93.5 अंश पूर्वेच्या जीसॅट-15 उपग्रहावरून येते. सन डायरेक्टची डिश याच जागेकडे बघते, त्यामुळे ती हलवायचीही गरज नाही, वायर नव्या बॉक्सला लावून चॅनेल शोधायला सांगा. बाकी कंपन्यांच्या डिश फिरवाव्या लागतात. पुण्यातून मोजलं तर टाटा प्लेची डिश (83 अंश) साधारण 21 अंश पूर्वेकडे वळवून 7 अंश खाली करावी लागते. डी2एचची (88 अंश) 10 अंश पूर्वेकडे आणि 4 अंश खाली. डिश टीव्हीची (95 अंश) दोन अंश दक्षिणेकडे आणि एक अंश वर. एअरटेलची (108.2 अंश) 17 अंश दक्षिणेकडे आणि तब्बल 13 अंश वर. डिश भाड्याची किंवा सोसायटीच्या सामायिक जोडणीची असेल तर विचारल्याशिवाय हात लावू नका.

डिश लावणं

जागा निवडताना आग्नेयेकडे मोकळं आकाश हवं. महाराष्ट्रातून हा उपग्रह बराच वर, 57 ते 60 अंशांच्या उंचीवर आहे, त्यामुळे समोरच्या इमारतीची भीती वाटते तेवढी नसते. 10 मीटरवर असलेलं झाड डिशपेक्षा 16 मीटर उंच असेल तरच आडवं येतं. फांदी मात्र पावसाळ्यात वाढते, हे धरून जागा ठरवा.

खांब काँक्रीटमध्ये अँकर बोल्टने पक्का करा, विटांच्या जोडात नको. खांब ओळंब्यात आहे का ते दोन बाजूंनी तपासा. घाईत हेच राहून जातं. खांब तिरका असेल तर उंचीचा कोन एका दिशेला बरोबर आणि डिश फिरवली की चूक होत जातो. मग कितीही वेळ शोधलं तरी सिग्नल मिळत नाही.

दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजायची, म्हणजे पूर्व 90 आणि दक्षिण 180. मुंबईत दिशा 131 अंश आणि उंची 57 ते 58. पुण्यात 132 आणि 59. कोल्हापुरात 129 आणि 60. छत्रपती संभाजीनगरला 136 आणि 59. नागपुरात 144 ते 145 आणि 60. फोनवरचं होकायंत्र चालतं, पण लोखंडी कठडा किंवा पाण्याच्या टाकीच्या सांगाड्याजवळ ते भलतीच दिशा दाखवतं. चार-पाच पावलं लांब जाऊन दिशा बघा आणि समोरची एखादी खिडकी किंवा टाकी खूण म्हणून लक्षात ठेवा.

डिश समोरून बघितली तर ती आकाशाकडे न बघता बरीच उभी वाटेल. ते बरोबरच आहे. या डिशचा आकार असा असतो की लहरी तिरक्या येऊन एलएनबीवर पडतात. 59 अंश ही उंची कंसावरच्या आकड्यांवर लावायची, डोळ्याच्या अंदाजाने नाही.

आता वायर. वरचं काळं आवरण साधारण दीड सेंटिमीटर सोला, जाळी मागे दुमडा, आतलं पांढरं आवरण कापा आणि कनेक्टर फिरवत बसवा. मधली तांब्याची तार कनेक्टरच्या कडेपेक्षा 2 ते 3 मिलिमीटर बाहेर हवी. जाळीचा एक केस जरी या तारेला टेकला तर शॉर्ट होतो, कारण याच वायरमधून बॉक्स एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट वीज पाठवतो. म्हणून वायर जोडताना किंवा काढताना बॉक्सचा प्लग काढलेला असू द्या. एलएनबीजवळ वायरला खाली झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळातून गळेल, कनेक्टरमध्ये उतरणार नाही.

बॉक्सच्या मेनूत एलएनबीचा प्रकार युनिव्हर्सल 9750/10600, एलएनबीची वीज चालू आणि डायसेक बंद ठेवा. शोधण्यासाठी 11090, व्ही, 29500 ही फ्रिक्वेन्सी निवडा. बहुतेक बॉक्समध्ये ती आधीच भरलेली असते.

पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थकडे बघायचंच नाही. एलएनबीला वीज मिळाली की डिश भिंतीकडे असली तरी ती पट्टी भरते. खरी पट्टी क्वालिटीची. डिश दोन-तीन अंश फिरवा आणि पाच सेकंद थांबा, कारण बॉक्सला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतो. सरसर फिरवलं तर योग्य जागेवरून डिश पुढे निघून जाते आणि कळतही नाही. पूर्ण पट्टा फिरवूनही क्वालिटी शून्यच असेल तर उंची दोन अंशांनी बदला आणि पुन्हा सुरुवात करा.

किती बारीक काम आहे याचा अंदाज घ्या: 60 सेंटिमीटर डिशची कड 5 मिलिमीटर सरकली की निशाणा एका अंशाने हलतो. क्वालिटी आली की डिश हळूच एका बाजूला न्या, पट्टी घसरली तिथे खांबावर पेन्सिलने खूण करा, मग दुसऱ्या बाजूलाही तसंच करा. दोन खुणांच्या बरोबर मध्ये डिश ठेवा. उंचीचंही तसंच. शेवटी एलएनबी तिच्या पकडीत थोडी थोडी दोन्हीकडे फिरवून बघा, इथे बऱ्याचदा पट्टी आणखी चढते. बोल्ट आवळताना एक पूर्ण आणि मग दुसरा, असं करू नका. आलटूनपालटून थोडे थोडे आवळा आणि प्रत्येक वेळी पट्टी बघा, नाहीतर आवळतानाच डिश सरकते. आज चित्र येतंय म्हणून कसंबसं सोडलं तर पहिल्याच पावसात ते जाईल.

मग चॅनेल शोध चालवा आणि त्यात फक्त एफटीए (म्हणजे मोफत चॅनेल) असा पर्याय असेल तर तोच निवडा. तो न निवडल्यास यादीत न उघडणारे शेकडो चॅनेल येतात. ते सन डायरेक्टचे, त्याच उपग्रहावरचे, त्यात तुमची काही चूक नाही. यादीत दूरदर्शनचं एकही चॅनेल नसेल तर मात्र डिश बहुधा शेजारच्या 95 अंशांच्या उपग्रहावर लागली आहे, थोडी दक्षिणेकडे घ्या.

नंतर येणारे बिघाड

पावसात चित्राचे चौकोन पडतात आणि पाऊस थांबल्यावर ठीक होतं, तर डिश जेमतेम लागलेली आहे. वरची पेन्सिलची कृती पुन्हा करा. पाऊस थांबल्यावरही दोन दिवस चित्र येत नसेल तर कनेक्टरमध्ये पाणी गेलंय. तांब्याची तार हिरवट-काळी पडली असेल तर वायरचं तेवढं टोक कापून नवा कनेक्टर लावा. दोन्ही पट्ट्या शून्य असतील तर वायर तुटली आहे, शॉर्ट आहे किंवा एलएनबी गेली आहे. आधी लहान वायर थेट एलएनबीला लावून बघा, म्हणजे दोष कुठे आहे ते पाच मिनिटांत कळेल. विजा कडाडत असताना वायर बॉक्समधून काढून ठेवा.

चित्र व्यवस्थित आहे पण एखादं चॅनेलच गायब झालं, तर तो बिघाड नाही. खासगी चॅनेलना फ्री डिशवर जागा लिलावातून मिळते आणि 1 एप्रिलला यादी बदलते. मोठ्या समूहांची मोफत चॅनेलं 2019 मध्ये बाहेर पडली, 2020 मध्ये परत आली आणि 2022 मध्ये पुन्हा गेली. म्हणून एखाद्याच खासगी चॅनेलच्या भरवशावर फ्री डिश घेऊ नका. सह्याद्री आणि दूरदर्शनची इतर चॅनेलं, आकाशवाणी आणि पीएम ई-विद्याची शाळेची चॅनेलं यांना लिलावाची भीती नाही.

इंटरनेटवर टीव्ही

घरात अमर्याद ब्रॉडबँड आधीपासून असेल तरच हा पर्याय स्वस्त पडतो. एचडी चित्राला सेकंदाला 5 मेगाबिट धरले तर तासाला सव्वादोन जीबी जातात. रोज चार तास टीव्ही म्हणजे महिन्याला 270 जीबी. मोबाइलचा रोजचा दोन जीबी डेटा एका तासातच संपेल.

प्रसार भारतीचं वेव्हज हे ॲप नोव्हेंबर 2024 पासून आहे, त्यावर दूरदर्शनची चॅनेलं थेट बघता येतात. स्मार्ट टीव्हीमध्ये सॅमसंग टीव्ही प्लससारखी जाहिरातींवर चालणारी मोफत चॅनेलंही असतात. पैसे भरायच्या ओटीटीचं वर्षाचं पॅकेज घ्यायच्या आधी थांबा. एका महिन्याला एकच सेवा घ्या, हवं ते बघा, बंद करा, पुढच्या महिन्यात दुसरी. ब्रॉडबँडच्या योजनेत एखादी ओटीटी आधीच मिळत असते आणि तीच लोक वेगळे पैसे देऊन घेतात, हे आधी तपासा. त्यातही ती फक्त मोबाइलवर चालते की टीव्हीवरही, ते वाचून घ्या.

ओटीटी बंद करताना ॲप काढून टाकणं पुरेसं नाही. यूपीआय ॲपमधल्या ऑटोपे विभागात जाऊन ती परवानगी रद्द करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपोआप पैसे कापण्याआधी किमान 24 तास सूचना यावी लागते, तो एसएमएस दुर्लक्षू नका.

सगळे पे चॅनेल अगदी थोड्या पैशात देतो म्हणून विकले जाणारे बॉक्स आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे ॲप मात्र घेऊ नका. ते प्रक्षेपण चोरीचं असतं, कधीही बंद पडतं, पैसे परत मिळत नाहीत, आणि असं ॲप ज्या फोनवर बँकेचं ॲप आहे त्याच फोनवर टाकणं तर फारच धोक्याचं. फ्री डिशसाठी कुणी रिचार्ज, ॲक्टिव्हेशन किंवा वार्षिक फी मागितली तर एक रुपयाही देऊ नका, तशी कुठलीही फी नाही.

जुनी जोडणी लगेच तोडू नका. फ्री डिश महिनाभर चालवून बघा, कागदावरच्या माणसांना विचारा. डीटीएच असेल तर पुढचा रिचार्ज थांबवला की झालं, फक्त ऑटोपे आधी काढा आणि बॉक्स भाड्याचा असेल तर परत केल्याची पावती घ्या. केबलचं महिन्याचं बिल असेल तर बंद करण्याचं लेखी कळवा आणि तारीख टाकलेली प्रत जवळ ठेवा, नाहीतर न बघितलेल्या महिन्यांची बाकी दाराशी येते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फ्री डिशवर चॅनेल शोध पुन्हा एकदा चालवा. नवीन आलेली चॅनेलं बॉक्स नेहमी आपणहून दाखवत नाही.